थार घरीच मॉडिफाय: रोजचं बुटीबोरी आणि रविवारची पांदण

पांदणवाला | मनीष नगर

राजेहो, नमस्कार.

"जुनी थार घेतली, काय काय लावू?" हा प्रश्न या फोरमवर महिन्यातून दोनदा तरी येतो आणि उत्तरंही ठरलेली: लिफ्ट कर (म्हणजे गाडी उंच कर), मोठे टायर टाक, विंच (फसलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) बसव. मीही तेच वाचून कामाला लागलो होतो. दीड वर्षात जे जे लावलं त्यातलं निम्मं आता काढून जिन्याखाली ठेवलंय. बायको त्या ढिगाला 'भंगारवाल्याची एफडी' म्हणते. तेव्हा हा धागा जितका लावण्याचा, तितकाच काढण्याचा आहे.

गाडी २०१६ ची महिंद्रा थार सीआरडीई (कॉमन रेल डिझेल), सेकंडहँड, घेतली तेव्हा ७८ हजार किलोमीटर झालेली. अडीच लिटरचं इंजिन, १०५ हॉर्सपॉवर, सस्पेन्शन पुढे टॉर्शन बारचं, मागे पाट्यांचं. एसी आहे. मागच्या डिफरन्शियलमध्ये (डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटून देणारी ॲक्सलवरची पेटी) एमएलडी आहे, म्हणजे एक चाक जागच्या जागी भिंगरीसारखं फिरायला लागलं की 'धाड' असा आवाज करून आपोआप लॉक होणारं. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं गिअरबॉक्स रस्त्यावर पडला.

रोज नागपुरातल्या मनीष नगरहून बुटीबोरी एमआयडीसी आणि परत, चाळीसेक किलोमीटर, सगळा वर्धा रोड. रविवारी कोंढाळीकडे सासऱ्यांच्या शेतावर, तिथल्या पांदणीनं, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेनं. म्हणजे आठवड्याचे सहा दिवस ही ऑफिसची गाडी आणि एक दिवस बैलगाडी. हे प्रमाण मी सुरुवातीलाच कागदावर लिहून ठेवलं असतं तर वीस-पंचवीस हजार वाचले असते.

पहिली चूक, लिफ्ट. घरी होण्यासारखं काम आहे, म्हणूनच मोह होतो. टॉर्शन बार म्हणजे एक लांब पोलादी दांडा. त्याचं एक टोक पुढच्या आर्मला, दुसरं चासीला, आणि त्या टोकाला ॲडजस्टिंग बोल्ट. गाडी जॅकवर घ्या, बोल्टला पाना लावा, पिळत जा, नाक वर येतं. मी दोन्ही बाजूंनी आटे मोजत पिळलं, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेपनं माप घेतलं, दोन इंच वर. मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला टांगणाऱ्या पट्ट्या) टाकले. एका रविवारात काम फत्ते. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "साहेब, आता दिसते गाडी!" त्या एका वाक्यावर मी महिनाभर हवेत होतो.

मग सोमवार उजाडला. पुढचं सस्पेन्शन म्हणजे नुसता दगड. उड्डाणपुलाचा प्रत्येक सांधा मणक्यात मोजता येत होता. बार पिळून गाडी वर येते, पण चाकाचा एकूण प्रवास वाढत नाही. त्यातला खाली लोंबायचा वाटा तुम्ही आधीच खर्चून बसता. त्यामुळे खड्ड्यात चाक खाली जायच्या ऐवजी हवेत राहतं. म्हणजे जिथे पकड हवी म्हणून लिफ्ट केली, तिथेच पकड गेली! चार महिन्यांनी डाव्या चाकाच्या रिमला आतून ग्रीसचे शिंतोडे दिसले. वाकून बघितलं तर सीव्ही जॉइंटचं (वळत्या चाकाला ताकद पोचवणारा ॲक्सलचा सांधा) रबरी बूट घडीवर फाटलेलं, आत कोंढाळीची माती, आणि वळताना टक-टक-टक. ॲक्सलचा कोन वाढला की ते बूट सतत दुमडून घासत राहतं. नवीन जॉइंट, नवीन बूट, आणि बार परत मूळ खुणेवर. खूण होती कारण पिळण्याआधी मी आट्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ मारून ठेवली होती. या अख्ख्या प्रकरणात शहाणपणाचं तेवढंच केलं.

टायर, स्नॉर्केल (इंजिनला उंचावरून हवा देणारी नळी), वेल्डिंग यांच्या कहाण्या पुढच्या पोस्टमध्ये. आधी शिव्या देऊन घ्या.

---

संत्रानगरी_ऑफरोडर | मानेवाडा

भाऊ, जबरदस्त! पण लिफ्ट काढायची काहून? बॉडी लिफ्ट (चासीवरून नुसती बॉडी उचलायची) करून ३३ इंची टायर टाकायचे ना. माझ्या मित्राच्या गाडीला आहेत, सदरमधून जातो तर लोक व्हिडिओ काढतात. मीही पुढच्या महिन्यात थार घेऊन राहिलो, सरळ ३३ च टाकणार.

---

डॉ_डिफरन्शियल | धरमपेठ

३३ राहू दे, एक पायरी वरच्या टायरचाच हिशेब बघ. या थारचा मूळ टायर २३५/७० आर १६. व्यास ७३५ मिलिमीटर. लोक हौसेनं टाकतात तो २४५/७५ आर १६, व्यास ७७४. फरक ३९ मिलिमीटर, पण डिफरन्शियलच्या पोटाखाली जागा वाढते त्याच्या निम्मी, म्हणजे जेमतेम दोन सेंटिमीटर. आपल्या करंगळीपेक्षा थोडी जास्त.

त्या करंगळीसाठी काय मोजायचं? परीघ पाच टक्के वाढला. काट्यावर ८० दिसतं तेव्हा गाडी ८४ ला असते. प्रत्येक गिअर पाच टक्क्यांनी 'उंच' झाला, म्हणजे लो रेंजमध्ये जो हळू, जोरकस रेटा मिळतो तो कमी झाला. टायर जड, त्यामुळे ब्रेकला काम जास्त. ३३ ला हे सगळं अडीच-तीन पट धर. मग गिअर रेशो बदला, ब्रेक बदला, मडगार्ड कापा. शेवट नाही त्याला.

---

पांदणवाला

डॉक्टर, हाच हिशेब मी पैसे भरल्यावर केला. २४५/७५ घेतले होते, तेही एमटी, म्हणजे पूर्ण चिखलाचे. आपल्या नागपुरात सगळीकडे सिमेंटचे रस्ते. त्यावर एमटीचे ते मोठे ठोकळे असे घुंऽऽऽ घुंऽऽऽ करतात की मुलगी शाळेतून निघाली की म्हणायची, "बाबा, विमान आणलं?" ओल्या सिमेंटवर तर ब्रेक मारला की पोटात गोळा. अजनी चौकात एकदा सिग्नलला थांबलो, म्हणजे थांबायचा विचार होता. गाडी झेब्रा क्रॉसिंग ओलांडून गेली.

विकले. आता परत कंपनीच्याच मापाचे, २३५/७० आर १६, पण एटी, म्हणजे रस्ता आणि माती दोन्हीसाठीचे. आणि खरी किमया टायरमध्ये नसून हवेत आहे हे उशिरा कळलं. पांदणीच्या तोंडाशी ३० वरून १८ पीएसआयवर आणतो. टायर जमिनीवर पसरतो, दगडावर मऊ बसतो, गाडी धक्के खात नाही. बॅटरीला चिमट्यानं लावायचा पंप घेतला आहे. परतताना चारही भरायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात चहा होतो.

---

घाटमाथा_पुणे | पुणे

क्षमस्व, पण एटी टायर म्हणजे ना धड हे ना धड ते. आम्ही मुळशी-ताम्हिणीकडे पावसाळ्यात जातो, तिथे एमटीशिवाय पर्याय नाही. ज्याला चिखलात जायचं आहे त्यानं तडजोड करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

---

सातपुड्याचा_गडी | सिल्लारी

पुण्याच्या दादाले रामराम. दादा, तुमच्या तिकडं खाली मुरूम अन् दगड हाय, वरून पाणी वाहून जाते. आमच्या इकडली काळी माती येगळी. ते पाणी पिऊन फुगते. पह्यल्या पावसात तिच्यात गाडी घातली का एमटी असो का एटी असो, दोन चक्करमध्ये टायरच्या खाचा भरून जातेत अन् टायर असा गुळगुळीत होते जसा लोण्याचा गोळा. मंग तुमी ॲक्सिलेटर दाबा नाई तं देवाचं नाव घ्या.

मी बारा वर्षांपासून पेंचमधी जिप्सी चालवून राह्यलो. गाडी हजार किलोच्या आतबाहेर, चारही चाकाले पाटे, हाइट कंपनीनं देल्ली तेवढीच. लिफ्ट नाई, मोठे टायर नाई. गाडी हलकी हाय म्हणून निघते. तुमी लोक लोखंड लावून लावून गाडीले हत्ती करता अन् मंग म्हणता फसली.

जुलै ते सप्टेंबर जंगलाच्या कोअरचे (आतल्या भागाचे) गेट बंद रायते, तवा आमी गाडी पुरी खोलतो. पाटे काढतो, घासतो, बुश (पाट्याच्या टोकातले रबर) बदलतो, शॅकलच्या पिना पाह्यतो, बेअरिंगले ग्रीस. हेच आमचं मॉडिफिकेशन. पर्यटक लोकायले वाटते डायव्हर लय हुशार हाय. हुशार बुश असते, डायव्हर नाई.

---

घाटमाथा_पुणे

हे पटलं. बुशचं तर शंभर टक्के. एमटीबद्दलचं मत राखून ठेवतो. :)

---

पांदणवाला

गडी भाऊ, तुमचं 'हलकी म्हणून निघते' वाचलं आणि मागच्या जूनचा रविवार आठवला.

पहिला जोरदार पाऊस होऊन दोन दिवस झाले होते. वरून माती सुकलेली, भेगासुद्धा बुजल्या नव्हत्या. मला वाटलं वाट कडक आहे. पन्नास फूट गेलो आणि वरची पापडी फुटली. खाली सगळं लोणी. मी काय करावं? फोर व्हील लो टाकलं आणि रेटलं. एमएलडी धाडकन लागला, दोन्ही मागची चाकं एकसाथ फिरली आणि गाडी एकसाथ दोन्हीकडून ॲक्सलपर्यंत बसली. दार उघडलं तर जमीन दाराच्या काठाला. पाऊल खाली ठेवलं, चप्पल आतच राहिली.

शेजारच्या धुऱ्यावर एक काका तूर टोबत होते. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली, हातातली काडी मातीत खुपसली, वीतभर गेली. म्हणाले, "इंजन बंद करा, बापू. आता जेवढं फिरवसान तेवढं खाली जासान." मग त्यांनी गोठ्यामागून मागच्या हंगामातल्या तुराट्या आणि पऱ्हाट्यांचे दोन भारे आणवले. आम्ही फावड्यानं चाकांपुढची माती उकरली, ॲक्सलचं पोट मोकळं केलं, हवा १२ पर्यंत काढली, आणि काड्या चाकाखाली आडव्या, एकावर एक उभ्या-आडव्या अशा कोंबल्या. दुसऱ्या गिअरला, लो रेंजमध्ये, क्लच सोडून फक्त आयडलवर. गाडी कुरकुरत, काड्या मोडत, एक-एक वीत वर आली. दीड तास गेला. माझे चार हजारांचे, चाकाखाली घालायचे प्लास्टिकचे रिकव्हरी बोर्ड त्या दिवशी घरी होते, पण दुसऱ्या वेळी नेले तेव्हा ते या मातीत सरळ बुडाले; खाली कडक थर असेल तरच त्यांचा उपयोग.

काकांना पैसे देऊ केले तर रागावले. मग पुढच्या खेपेला सीताबर्डीहून संत्रा बर्फी नेली, ती चालली.

---

जिम्नीवाली | प्रतापनगर

धागा मस्त चाललाय. रिकव्हरीचा, म्हणजे फसलेली गाडी काढायचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीनं सांगते, ओढायचा पट्टा कुठे अडकवता ते बघा.

गेल्या वर्षी एका ग्रुपसोबत वाकीकडे गेले होते. एकाची गाडी वाळूत रुतली. ओढणाऱ्यानं पट्टा मागच्या ट्रेलरच्या गोळ्याला अडकवला. मी दोनदा सांगितलं, "दादा, तो गोळा ट्रेलर ओढायला असतो, झटक्याला नाही." "काही नाही होत ताई." झटका दिला, गोळा तुटला आणि पट्ट्यासकट मागच्या गाडीच्या काचेतून आत गेला. चालवणारा वाकून गिअर बघत होता म्हणून वाचला. सीटच्या डोकं टेकायच्या उशीत तो गोळा अर्धा रुतलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला आहे.

माझ्या जिम्नीला मी काय केलं विचाराल तर फारसं काही नाही. १९५/८० आर १५ टायर कंपनीचेच. क्षमता छापलेले दोन शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या), एक पट्टा, पंप, टायरमधली हवा मोजायचा घड्याळी काट्याचा गेज, अग्निशामक, आणि पट्ट्यावर टाकायला जुनी गोधडी, म्हणजे तुटलाच तर उडून जाणार नाही. पट्टा फक्त चासीच्या हुकला. माणसं पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट दूर. एवढंच. बाकी गाडी रोज मुलांना शाळेत सोडते आणि महाराजबागेसमोर पार्किंग शोधते.

---

संत्रानगरी_ऑफरोडर

बापरे ताई. गोळ्यालाच बांधतात सगळे, मी पण बांधला होता एकदा.

बरं, एक सांगा, मित्र पावसात सिमेंट रोडवर पण फोर व्हील टाकून चालवतो, घसरू नये म्हणून. ते बरोबर ना?

---

डॉ_डिफरन्शियल

नाही. या गाड्यांत पार्ट टाइम फोर बाय फोर असतं, पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात टायर घसरून तो फरक जिरवतात. सिमेंटवर घसरता येत नाही, मग तो पीळ शाफ्ट, चेन आणि गिअरमध्ये साठतो. पार्किंगमध्ये वळताना गाडी अडखळते, लिव्हर बाहेर निघत नाही, ही त्याचीच लक्षणं. मित्राला सांग, पावसात वेग कमी कर आणि टायर बघ.

---

कलम_५२ | सिव्हिल लाइन्स

आनंदावर विरजण घालतो, माफ करा. नावातच कलम आहे.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रात कंपनीच्या मूळ तपशिलानुसार जे लिहिलं आहे त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ अ आलं. त्यानुसार परवानगी नसलेला बदल केलेल्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे शब्द नीट वाचा. लिफ्ट एक, टायर दोन, बंपर तीन. पुढच्या लोखंडी बुलबारवर तर केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून कारवाई करायला सांगितलं होतं. कारण साधं आहे, आदळणाऱ्या माणसाला तो पाइप मारतो, आणि धक्का बंपरमध्ये जिरण्याऐवजी थेट चासीत जातो.

दंडापेक्षा मोठी भीती विम्याची. अपघात झाला, सर्व्हेअरनं गाडीखाली वाकून बघितलं आणि सस्पेन्शन वेगळं दिसलं की दाव्याचं काय होईल याची कल्पना करा. आणि एमएच ३१ असो, ४० असो की ४९, पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी तपासणीला न्यावीच लागते.

पांदणवाल्यांनी टायर मूळ मापाचे केले आणि लिफ्ट उतरवली, हे तांत्रिक कारणानं केलं असलं तरी कायद्याच्या दृष्टीनंही बरं झालं.

---

पांदणवाला

कलमसाहेब, बुलबारही जिन्याखाली आहे. ३५-४० किलोचा विंच लावायचा म्हणून घेतला होता. विंच आलाच नाही, बार मात्र आला. माझी गाडी आजवर तीनदा फसली. तिन्ही वेळा जवळ ओढायला दुसरी गाडी, ट्रॅक्टर किंवा तुराट्या होत्या. एकट्यानं फिरत नाही, म्हणून विंच नको. जो एकटाच फिरतो त्याचा हिशेब वेगळा.

आता जे टिकलं ते सांगतो.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं: ब्रीदरच्या नळ्या. डिफरन्शियल, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी पेटी), सगळ्यांना श्वास घ्यायला एक बारीक तोंड असतं. डिफरन्शियलचं ॲक्सलच्याच उंचीवर. तासभर चालून गरम झालेलं डिफरन्शियल नाल्याच्या गार पाण्यात बुडलं की आतली हवा आक्रसते आणि त्या तोंडातून नाहीतर सीलमधून पाणी आत ओढते. कळतं केव्हा? ऑइल बदलताना. माझ्या मागच्या ॲक्सलमधून निघालं ते ऑइल नव्हतं, ताक होतं, फक्त कोथिंबीर घालायची बाकी. मग ऑइलला टिकणारी रबरी नळी आणली, चासीच्या कडेनं वर चढवली, ॲक्सल खाली-वर होतं म्हणून तिथे सैल झोल ठेवला, आणि इंजिनच्या मागच्या पत्र्याजवळ टी-जॉइंटनं एकत्र करून टोकाला छोटा पेट्रोल फिल्टर लावला. पाच-सहाशे रुपये, एक दुपार. याच्याशिवाय स्नॉर्केल म्हणजे खोकल्याला टोपी. स्नॉर्केल इंजिनचं नाक वाचवतो, बाकी गाडी तशीच बुडते. माझा स्नॉर्केल एफडीत जमा आहे.

दुसरं, पोटाखालचा पत्रा. एक मीटर बाय साठ सेंटिमीटर, चार मिलिमीटर जाड लोखंड घेतलं तर जवळपास १९ किलो. गडी भाऊ, तुमच्या हत्तीची आठवण ठेवून मी तो फक्त इंजिनच्या चेंबरपुरता कापून घेतला, निम्म्याहून कमी. पत्रा इतवारीच्या लोहा ओळीतून, कटिंग हिंगणा एमआयडीसीत. ड्रेन बोल्टसमोर भोक ठेवायला विसरलो, ते नंतर घरी ड्रिलनं पाडलं. तीन बिट गेल्या.

तिसरं, गर्मी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा ही गाडी म्हणजे चाकावरची भट्टी, एसी बिचारा हात जोडतो. टपाला आतून चांदीच्या फॉइलचा फोम चिकटवला, गिअरबॉक्सच्या बोगद्यावर जाड डॅम्पिंग शीट, त्यावर मॅट. एसीचा काटा एक घर खाली आला आणि आवाजही कमी झाला. रेडिएटरच्या जाळीतली कुसळं आणि किडे दर पंधरा दिवसांनी मागून पुढे पाणी मारून काढतो. प्रेशर वॉशर नको, जाळीच्या बारीक पात्या वाकतात. टायरची हवा सकाळी गार असताना मोजा. दहा अंशांना साधारण दीड पीएसआय वाढतं. दुपारी मोजून 'जास्त आहे' म्हणून काढली की रात्री कमी पडते.

चौथं, दिवे. ५५ वॅटचे दोन. दोन्ही मिळून नऊ-साडेनऊ अँपिअर, म्हणून १५ चा फ्यूज, अडीच स्क्वेअरची वायर आणि रिले (दिव्यांचा जड करंट स्विचऐवजी स्वतःमधून नेणारा). आधी एका दुकानात बसवून घेतले होते, त्यानं रिले न लावता सरळ स्विचमधून वायर नेली. कोंढाळी फाट्यावर डॅशबोर्डमधून जळक्या रबराचा वास आला तेव्हा कळलं. रस्त्यावर दिव्यांना झाकण लावूनच फिरतो. वायरिंगमध्ये उंदीर शिरतात म्हणून कोणी तंबाखूची पुरचुंडी ठेवायला सांगितलं, मी ठेवली. वॉचमन म्हणतो उंदीर आता खर्राही मागतील.

---

हिंगणा_वेल्डर | हिंगणा रोड

बावीस वर्षं वेल्डिंग करतो. घरी वेल्डिंग करणाऱ्यांसाठी चार शब्द, कारण बिघडवून झाल्यावर लोक माझ्याकडेच येतात.

सीआरडीई गाडीला ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर आहे. रॉड लावण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, ईसीएमचं सॉकेट काढा, आणि अर्थिंगचा चिमटा जिथे वेल्ड करता त्याच्या वीतभर अंतरावर लावा. चिमटा पुढच्या बंपरला आणि वेल्डिंग मागच्या पायदानाला असं केलं तर करंट मधल्या बेअरिंगमधून आणि वायरिंगमधून रस्ता शोधतो. डिझेल टाकी, ब्रेक पाइप ओल्या गोणपाटानं झाका, बादलीभर वाळू जवळ ठेवा.

चासीला वेल्ड करूच नका. साइडचे रॉक स्लायडर (दाराखालचा काठ दगडापासून वाचवणारे पाइप) हवे असतील तर पट्टी आणि यू-बोल्टनं आवळा, चार बोल्ट जास्त लागू द्या. वेल्डच्या कडेनं चासीत चीर पडते ती दोन वर्षांनी दिसते. वेल्ड झाल्यावर झिंक प्रायमर न मारता लोक सरळ काळा रंग मारतात. एका पावसाळ्यात पापुद्रे.

---

पांदणवाला

मिस्त्री, चिमट्याचं मला माहीत नव्हतं. माझं वेल्डिंग तसंही एका रविवारी संपलं. मशीन लावलं की तिसऱ्या मजल्यापर्यंतचे दिवे लुकलुकायचे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस बोर्डावर लावलं, 'पार्किंगमध्ये कारखाना चालवू नये'. आडनाव लिहिलं नव्हतं, पण 'बी विंग, थारवाले' असं होतं.

---

सातपुड्याचा_गडी

एक गोष्ट राह्यली, भाऊ. जंगलात हौसेनं गाडी घालू नका. रस्ता दिसते म्हणून तो आपला नसते. वनखात्याच्या हद्दीत घुसले तं केस होते अन् गाडी जप्त होते. अन् नाल्याच्या काठानं टिटवी जमिनीवरच अंडे घालते, तुमाले गोटे वाटते. पांदणीनं जा, शेतकऱ्याले इचारा, पेरणी झाली असन तं जाऊ नका.

---

जिम्नीवाली

पेरणीचं अगदी खरं. आणि बंधाऱ्याच्या काठावर थांबलात तर खर्र्याच्या पन्न्या उचलून आणा. तुमच्या नसल्या तरी.

---

संत्रानगरी_ऑफरोडर

पांदणवाले दादा, गाडी मिळाली! २०१७ ची सीआरडीई, ६१ हजार. ३३ इंची सध्या रद्द. घरचे म्हणाले आधी सर्व्हिस कर. ब्रीदरपासून सुरू करतो. नळी किती मिलिमीटरची आणि किती मीटर घेऊ?

---

पांदणवाला

अभिनंदन! माझ्या गाडीला आतून ८ मिलिमीटरची बसली, पण तुझ्या निपलला व्हर्निअर लावून बघ, आधीच्या मालकानं काही बदललं असू शकतं. सहा मीटर घे, क्लिप डझनभर, टी-जॉइंट तीन. मागच्या ॲक्सलचं ऑइल आधी काढून बघ, ताक निघालं तर सीलही आण.

रविवारी सकाळी ये, आठच्या आत, सेक्रेटरी नऊला फिरायला निघतात. जॅक माझा आहे. स्टँड दोन कमी आहेत, ते आण. तर्री पोहे येताना बांधून आण, चार प्लेट. वॉचमनही खातो.